दादाची समुद्रातली विहीर

माझा दादा रंगाच्या कारखान्यातून रिटायर झाला आणि थोड्याच दिवसांत एका रविवारी माझ्याकडे जेवायला आला. जेवण व्हायच्या आधीच त्याने मोबाइलवरचा एक व्हिडिओ माझ्या नाकासमोर धरला. उथळ, हिरवट समुद्र, आणि किनाऱ्याला अगदी चिकटून एक गडद निळा गोल, कंपासने काढल्यासारखा.

"विहीर आहे ही," तो म्हणाला. "समुद्राच्या आत विहीर. इजिप्तमध्ये, दहाब नावाचं गाव आहे तिथे. ब्लू होल म्हणतात. लोक जगभरातून येतात आत उतरायला."

मी "छान आहे" म्हटलं आणि कोशिंबिरीला फोडणी द्यायला उठले. दादाला कुणी छान आहे म्हटलं की तो ती गोष्ट सोडत नाही, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

दादा डोंबिवली पूर्वेला राहतो, मी ठाण्यात बाळकुमला. त्याची वेडं आमच्या घरात कुणाला नवीन नाहीत. आधी हार्मोनियम झाली, मग बोन्साय झालं, मग त्याने गॅलरीत मधमाश्यांची पेटी ठेवली आणि सोसायटीच्या सेक्रेटरीचा डोळा सुजला. प्रत्येक वेड काही महिन्यांनी आपोआप उतरतं. हेही उतरेल असं मी धरून चालले. त्याऐवजी तो तारकर्लीला जाऊन पाण्याखाली उतरायचं शिकून आला. फोटोचं कार्ड मिळालं होतं, ते पाकिटात सगळ्यात वर ठेवलं, आणि भाजीवाल्याला सुटे देतानासुद्धा ते दिसेल अशा बेताने पाकीट उघडायला लागला.

त्याहून वाईट म्हणजे तो मला समजावून सांगायला लागला. "तुला माहितीये, हे तयार कसं होतं? चुनखडीचा दगड असतो. पाणी मुरून मुरून आत गुहा होते. मग तिचं छत कोसळतं आणि..." मी शाळेत भूगोल शिकवते. चुनखडीची गुहा मी दर वर्षी फळ्यावर काढते. हे मी दादाला प्रत्येक वेळी सांगितलं आणि प्रत्येक वेळी तो "हां, म्हणजे तुला पटकन कळेल" असं म्हणून पुन्हा चुनखडीपासून सुरू झाला. कल्याणला आमच्या मामाचं तेरावं होतं, तिथेही पंगतीत शेजारच्या माणसाला हा छत कसं कोसळतं ते सांगत होता. मामेभाऊ मुंडन केलेल्या डोक्याने जिलबी वाढत आला, तर त्याला म्हणाला, "सरळ खाली. तळच दिसत नाही." मी पानातून मान वर केली नाही.

वहिनीने पहिल्याच दिवशी हात वर केले होते. "मला पाणी बादलीतलं पुरतं," ती म्हणाली. मग एक दिवस तिचा मला फोन आला.

"तुम्ही जाता का ह्यांच्याबरोबर?"

"मी? वहिनी, मला पोहता येत नाही."

"पोहायचं नाहीये तुम्हाला. नुसतं लक्ष ठेवायचं. हे एकटे गेले तर मला झोप लागायची नाही. तुमचं तरी ऐकतात."

माझं दादाने आजवर एकदाही ऐकलेलं नाही. कोकणात आमच्या गावच्या विहिरीत तो पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकला, तेव्हा मी काठावर त्याचे कपडे सांभाळत बसायचे आणि "बस झालं, वर ये" म्हणायचे. तेव्हाही तो यायचा नाही. पण माझा नवरा म्हणाला, "जाऊन ये, तेवढाच इजिप्त बघून होईल," आणि मला पिरॅमिड दिसायला लागले. वर्गात इतकी वर्षं नाईलचं खोरं शिकवलं, एकदा डोळ्यांनी बघावं. दादाला मी अट घातली, पिरॅमिड बघायचे. तो म्हणाला, "अगं, म्हणजे काय."

आमच्या खाडीकडच्या गल्लीत मासे विकायला बसते ती बाई जुन्या बाळकुम गावातली. मी आठवडाभर दिसणार नाही म्हटल्यावर तिने कुठे, कशाला, सगळं विचारून घेतलं. पापलेट साफ करता करता म्हणाली, "बाय, त्या भोकान मावरं गावतं काय?" मासे असतील बहुतेक, मी म्हटलं. "मग ठीक हाय," ती म्हणाली. एवढ्या सगळ्या प्रवासात एवढीच एक शंका मला सरळ वाटली.

विमान आखातात बदलून आम्ही शर्म-अल-शेखला उतरलो आणि तिथून गाडीने दहाबला निघालो. दोन्ही बाजूंना उघडे, तपकिरी डोंगर, झाडाचं नाव नाही. मी पुढच्या दिवसांचा विचार करत होते, म्हणून विचारलं, "कैरोला कधी जायचं?"

दादा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "कैरो फार लांब पडतं इथून."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळे दिवस इथेच ठेवलेत. विहिरीत उतरायच्या आधी सराव लागतो. आणि पिरॅमिड काय, फोटोत दिसतो तसाच असतो."

मी त्या गाडीत काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. ड्रायव्हरला मराठी येत नव्हतं, तरी त्याने गाण्याचा आवाज कमी केला.

दहाब म्हणजे समुद्राला लागून एक लांबलचक रस्ता. कडेला चहाची आणि जेवणाची दुकानं, बैठकीला गाद्या आणि लोड. जिकडेतिकडे काळे रबरी सूट वाळत घातलेले. आमच्या डायव्हिंग सेंटरची शिकवणारी बाई साधारण चाळिशीची होती, केस बारीक कापलेले, उन्हाने चेहरा रापलेला. ती इंग्रजीत थोडं आणि नेमकं बोलायची. तिने दादाला विचारलं, ब्लड प्रेशर आहे? गोळी चालू आहे आणि कंट्रोलमध्ये आहे. कान? उत्तम. असं बोलताना दादा मान जरा तिरपी करून उजवा कान तिच्याकडे करत होता. माझ्या ते लक्षात आलं, पण वाऱ्यामुळे असेल असं मला वाटलं.

पहिल्या दिवशी उथळ पाण्यात सराव होता. मी काठावर खुर्चीत छत्रीखाली बसलेले. पाण्याखाली जाताना कानांवर दाब येतो, मग नाक दाबून कानात हवा सोडायची असते, हे दादाने मला घरच्या सोफ्यावर नाक दाबून दाखवलेलं होतं. तो वर आला तेव्हा चेहरा लालबुंद होता आणि डाव्या कानावर हात. मी बघतेय हे दिसल्यावर त्याने हात खाली घेतला आणि अंगठा वर केला.

संध्याकाळी मी टूथपेस्ट शोधायला त्याची पिशवी उघडली तर त्यात कानात घालायच्या औषधाची अर्धी संपलेली बाटली आणि कापूस.

"हे काय?"

"सर्दी."

"सर्दीचं औषध कानात?"

"अगं, जरा दडा बसतो. सगळ्यांना बसतो."

मी बोलता बोलता त्याच्या डाव्या बाजूला गेले आणि हळूच म्हटलं, "दादा, चहा घेणार?" तो खिडकीतून समुद्राकडे बघत राहिला. मी पुन्हा म्हटलं. त्याला ऐकूच आलं नाही. मी ती बाटली रागाने त्याच्या पिशवीत आपटली. हा माणूस कान बंद घेऊन, शंभर मीटर खोल पाण्यात उतरायला, मला साक्षीदार करून इथे आलाय.

सकाळी दादा आंघोळीला गेल्यावर मी खाली सेंटरमध्ये जाऊन त्या शिकवणाऱ्या बाईला सगळं सांगितलं. तिने एकदाच विचारलं, "तुमची खात्री आहे?" मी हो म्हटलं. दादा सूट घालून आला तेव्हा तिने त्याला समोर बसवलं, डावीकडून हळू आवाजात त्याला काहीतरी विचारलं, आणि तो गप्प राहिल्यावर सांगितलं, की सिलेंडर लावून तू पाण्याखाली जाणार नाहीस. इथे नाही, विहिरीत तर नाहीच. वरून मास्क लावून बघता येईल, तेवढं मी दाखवीन.

दादाने तिच्याशी वाद घातला नाही. माझ्याकडे बघितलं. मग खोलीत गेला आणि दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

आता सांगते, परदेशात, जिथे मराठी बोलणारं दुसरं कुणी नाही, तिथे रुसून बसलेल्या मोठ्या भावाबरोबर दिवस काढणं काय असतं. जेवायला आम्ही समोरासमोर बसलो. मीठ माझ्याजवळ होतं, तर त्याने वेटरला बोलावून इंग्रजीत सांगितलं की कृपया या बाईंना मीठ द्यायला सांगा. वेटरने गोंधळून माझ्याकडे बघितलं. मी मीठ सरकवलं आणि वेटरला म्हटलं, या गृहस्थांना सांगा, बीपी आहे, बेताने घ्या. तो बिचारा दुसऱ्या टेबलाकडे गेला तो आमच्याकडे परत फिरकला नाही. बिलसुद्धा दुसऱ्यानेच आणलं.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं आता परत जाऊ म्हणेल. पण तो सकाळीच मास्क गळ्यात अडकवून जीपपाशी उभा होता. गावापासून उत्तरेला, डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या रस्त्याने जीप गेली. तिथे उंट बसलेले, चहाच्या टपऱ्या, बांगड्या आणि दोऱ्याचे गोफ विकणाऱ्या बायका. आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला ती विहीर कुठे, तर समोर नुसतं पाणी. जरा जास्त निळं. व्हिडिओ आकाशातून काढलेला होता, काठावर उभं राहून गोल दिसतच नाही. मी दादाकडे बघितलं. तोही बघत होता, मान पुढे काढून, पण कबूल करत नव्हता.

आमची शिकवणारी बाई जीपमधून सामान काढत होती, तोवर मी कड्याकडे गेले. दगडात पाट्या बसवलेल्या होत्या. बऱ्याच होत्या. प्रत्येकीवर एक नाव, एक देश, जन्माचं साल आणि मृत्यूचं साल. एकीवर हसणाऱ्या मुलाचा फोटो होता. एकीखाली प्लास्टिकची फुलं, उन्हाने पांढरी पडलेली. मी वजाबाक्या करत गेले. सगळे माझ्या मुलाच्या वयाचे, विशी-तिशीतले. सगळे इथेच, या पाण्यात उतरून वर न आलेले.

दादा माझ्या मागे येऊन उभा होता.

"तुला हे माहीत होतं?" मी विचारलं.

आदल्या दिवसापासून पहिल्यांदाच तो थेट माझ्याशी बोलला. "हो."

"वहिनीला?"

"नाही."

"आणि मला चुनखडी समजावत होतास दर रविवारी. ही गोष्ट नाही सांगावीशी वाटली?"

"ते फार खोल जाणारे लोक गं. खाली एक कमान आहे, तिच्यातून पलीकडे जायला बघतात. मी तेवढा जाणार नव्हतो."

"त्यांनीही घरी असंच सांगितलं असेल."

मी म्हटलं, आता तरी सांग, कशासाठी हे सगळं? बासष्टीला आलास, घरी बायको आहे, कान गेलेला आहे. हार्मोनियम वाजवली असतीस तर कुणी मेलं नसतं.

दादाने पाटीवरची धूळ बोटाने पुसली. म्हणाला, "मी शेड मॅचिंगला होतो आयुष्यभर. कुणी कापडाचा तुकडा आणायचा, कुणी गाडीचा पत्रा, की असाच रंग पाहिजे. पिवळा जमतो, लाल जमतो. निळा सगळ्यात दगा देतो. डब्यात एक दिसतो, भिंतीवर दुसरा. मला एकदा असा निळा बघायचा होता जो कुणी बनवलेला नाही. व्हिडिओत तो होता."

"त्यासाठी?"

"त्यासाठी."

मला वाटलं होतं काहीतरी मोठं कारण निघेल, म्हणजे मला त्याला माफ तरी करता येईल. हे ऐकून मी आणखीच वैतागले.

मग त्या बाईने माझ्याच अंगावर लाइफ जॅकेट आणि तोंडावर मास्क आणि श्वासाची नळी चढवायला घेतली. मी नको नको म्हणत होते. ती म्हणाली, "तुम्ही नाही आलात तर हे मागे वळून तुमच्याकडेच बघत राहतील." एक लाल रंगाची रबरी रिंग तिने माझ्या हातात दिली, तिच्या दोरीचं टोक स्वतःच्या कमरेला बांधलं. लाकडी फळ्यांवरून चालत आम्ही पाण्याच्या कडेला गेलो आणि मी, जिने विहिरीच्या काठावर कपडे सांभाळण्यापलीकडे काही केलं नाही, ती सलवार-कुडत्यावर जॅकेट घालून लाल समुद्रात उतरले.

पाणी गार होतं. मी तोंड खाली घातलं. जवळच प्रवाळाची भिंत होती आणि तिच्यावर छोटे नारिंगी मासे, हजारोंनी, सगळे एकाच वेळी इकडे, एकाच वेळी तिकडे. ते बघत मी निवांत झाले होते, तेवढ्यात बाईने दोरी ओढली, आम्ही पुढे सरकलो आणि माझ्याखाली जे काही होतं ते संपलं.

मला वाटलं मी पडतेय. पाणी धरून ठेवतंय हे डोक्याला कळत होतं, पोटाला कळत नव्हतं. मी श्वास घेतला तो तोंडाच्या नळीऐवजी नाकाने, मास्क डोळ्यांवरून सरकला, नाकातोंडात खारं पाणी गेलं आणि मी रिंग सोडून हातात येईल ते पकडलं. हातात आला दादाचा गळा. तो सुटायला धडपडला नाही. एका हाताने त्याने मला जॅकेटला धरून वर उचललं, दुसऱ्याने माझा मास्क काढला.

"पाय हलवू नकोस," तो म्हणाला. "अगं, माझ्याकडे बघ. थुंक. आता श्वास घे. घे हळू."

आमच्यात झालेल्या एवढ्या भांडणानंतरही तो इतका शांत कसा होता याचंही मला तिथे, खोकता खोकता, वाईट वाटत होतं. त्याने माझा मास्क नीट बसवला, पट्टा मागून घट्ट केला, हात रिंगवर ठेवले आणि त्यावर स्वतःचा हात दाबून ठेवला. मग आम्ही दोघांनी तोंडं खाली घातली.

खाली निळा होता. त्याच्याबद्दल मी शाळेत मुलांना सांगायचा प्रयत्न केला, जमला नाही. वर फिका, मग दाट, मग आणखी दाट, आणि मग जिथे नजर थांबायला पाहिजे तिथेही थांबत नाही. उन्हाच्या तिरप्या रेघा आत जात होत्या आणि विरत होत्या. खूप खालून कुणा पाणबुड्यांचे बुडबुडे वर येत होते, येता येता मोठे होत, चांदीच्या ताटल्यांसारखे, आणि माझ्या पोटाला लागून फुटत होते. एका दोरीला धरून एक माणूस सिलेंडरशिवाय, डोकं खाली करून उतरत गेला आणि दिसेनासा झाला. तो परत वर येईपर्यंत मी श्वास घ्यायचं विसरले. त्या पाट्यांवरची मुलं कशाला खाली गेली ते मला त्या क्षणी कळलं, आणि ते कळलं म्हणून माझी भीती कमी झाली नाही, वाढलीच.

मला थंडी वाजायला लागल्यावर बाईने मला काठावर आणलं. दादा आला नाही. रिंगला धरून, तोंड पाण्यात, तसाच. तिने हाक मारली, मी हाक मारली. अर्थात डाव्या बाजूने. शेवटी ती त्याला दोरीने ओढून घेऊन आली तेव्हा त्याचे ओठ जांभळे झालेले आणि बोटांवर सुरकुत्या. मी टॉवेल त्याच्या अंगावर टाकला. तो अंगाभोवती ओढून घेत म्हणाला, "नसता जमला हा. कितीही मिसळला असता तरी."

एवढं बोलून त्याने दोन कप चहा मागवला. दुपारी जेवताना मीठही स्वतःच मागून घेतलं, माझ्याकडून, मराठीत.

मला वाटलं इथे हे प्रकरण संपलं. घरी आल्यावर सुरू झालं. डोंबिवलीत जो भेटेल तो विचारायचा, मग, उतरलात का आत? आणि दादा खोटं बोलला नाही, ही त्याची सज्जनता. तो म्हणायचा, "नाही हो. बहिणीने उतरू दिलं नाही." कान-बिन काही नाही. फक्त बहिणीने. आता नात्यातल्या कुठल्याही लग्नात, बारशात कुणी ना कुणी माझ्याजवळ येऊन म्हणतं, एवढ्या लांब गेलेलात, तर कशाला मध्ये पडलीस? त्याची हौस होती बिचाऱ्याची. सेक्रेटरीसुद्धा म्हणाला. ज्याचा डोळा मधमाशीने सुजवला, तोही.

मी महिनाभर मागे लागून त्याला ठाण्यात कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, डावा पडदा आधीच फाटलेला आहे, खाली गेला असतात तर चक्कर येऊन दिशाच कळली नसती, वर कुठे आणि खाली कुठे. यापुढे कधीही नाही. दादा माझ्याकडे येऊन जेवला. आमटीत गूळ कमी आहे म्हणाला. निघताना दारात चपला घालता घालता म्हणाला, "हे घरी सांगू नकोस. उगाच ती घाबरेल."

तो डोंबिवलीला पोहोचायच्या आत मी वहिनीला फोन करून सगळं सांगितलं.

"कान ना?" वहिनी म्हणाली. "तो केव्हापासून गेलाय. उजव्या कुशीवर झोपले की हाक मारलेली ऐकू येत नाही त्यांना."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हटलं, "वहिनी, तुम्हाला माहीत होतं, तर मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही गेला असतात का त्यांच्याबरोबर?"

"नसते गेले."

"मग ते एकटे गेले असते," वहिनी शांतपणे म्हणाली. "आणि खाली उतरलेही असते."

मी विषय बदलून न बघितलेल्या पिरॅमिडबद्दल तिच्याकडे तक्रार सुरू केली. तिने पुढचा बराच वेळ ते ऐकून घेतलं. मध्येच तिकडे बेल वाजली, दार उघडल्याचा आवाज आला, आणि वहिनी दादाला विचारताना ऐकू आली, "काय म्हणाले डॉक्टर?"

"काही नाही," दादा म्हणाला. "सर्दी आहे."